सरकलेला धुरा

फुलसावंगीत मेक्सिको आला तो मे महिन्यातल्या एका दुपारी, अर्पिताच्या लॅपटॉपमधून, कूलरच्या पुढ्यात.

अर्पिता पुण्याला कंपनीत कामाला. आठ दिवसांची सुट्टी काढून आली होती आणि दोन दिवसांत आईच्या हातचं सगळं खाऊन झाल्यावर तिला करमेनासं झालं होतं. तिची आई बेबीताई मशीनवर ब्लाउज शिवत बसलेली. गावात ब्लाउज शिवणाऱ्या चार जणी होत्या, पण काखेत न काचणारं ब्लाउज एकटी बेबीताईच शिवायची. त्यामुळे लग्नसराईत तिला मान वर करायला फुरसत नसे.

"आई, एक सिनेमा पाहतेस का? मेक्सिकोचा आहे. जुना, काळा-पांढरा."

"मारामारी हाये काय?"

"नाही."

"गाणे?"

"एकच आहे. तेही म्हातारा म्हणतो."

"लाव मंग. काज-बटनाचंच काम राह्यलं हाये, त्याले डोकं लागत नाही."

सिनेमा सुरू झाला. मोठ्ठी ओसरी, ओसरीवर एक जमीनदार, त्याच्या डोक्यावर तिघांना सावली होईल एवढी टोपी. अर्धा तास झाला तरी तो ओसरी सोडून हलेना. बेबीताईने विचारलं, हा आजारी आहे का. अर्पिता म्हणाली, आजारी नाही, हे आधी नाटक होतं, म्हणून सगळं एकाच जागी घडतं.

"नाटकच होतं तर सिनेमा कायले केला?"

"जास्त लोकांनी पाहावं म्हणून. सत्तर वर्षं झाली, अजून नाव घेतात. क्लासिक म्हणतात त्याला."

"म्हणजे?"

"म्हणजे नाव सगळे घेतात आणि पाहत कोणी नाही."

बेबीताईला हे पटलं. गावात अशी माणसंही होती.

मग जमीनदार एकदाचा ओसरीवरून उतरला, शेताच्या कडेला गेला, इकडेतिकडे पाहिलं आणि धुऱ्यावरचा, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरचा, एक दगड उचलून हातभर पलीकडे ठेवला. बेबीताईची सुई काजातच थांबली.

"थांबव थांबव. हा तर धुरा कोरून राह्यला."

अर्पिताने पडद्याच्या तळाशी येणाऱ्या इंग्रजी पट्ट्या वाचून पुढचं सांगितलं ते असं, की पलीकडचं शेत त्याच्या मेलेल्या भावाच्या बायकोचं. दरवर्षी पेरणीच्या आधी हा दगड सरकवतो. त्याच्या मुनीमाला माहीत आहे, विधवेला माहीत आहे, सगळ्या गावाला माहीत आहे, आणि गाव त्याला वाकून नमस्कार करतं.

"मेक्सिको कुठं म्हणली तू? आर्णीच्या पलीकडे काय?" बेबीताई म्हणाली आणि हातातलं ब्लाउज बाजूला ठेवून तिने दोनशे पानी वही काढली.

चार दुपारी हा उद्योग चालला. अर्पिता पट्टी वाचायची, मराठीत सांगायची, आणि बेबीताई ते ऐकून आपल्याला पाहिजे ते लिहायची.

"तो म्हणतो, आई, की जमीन ही स्त्रीसारखी असते, तिला समजून घ्यावं लागतं."

"असं कोनी बोलते काय ज्याच्या हातात दगड हाये तो? 'काय पाहून राह्यला बे, दगडच त हाये' असं लिहते."

मक्याची तूर झाली, त्यांच्या दारूची आपली मोहाची झाली, देवळाची घंटा मात्र घंटाच राहिली. पाचव्या दिवशी अर्पिताला कंपनीतून फोन आला आणि तिला सकाळच्याच गाडीने निघावं लागलं. सिनेमाची शेवटची वीस मिनिटं राहिली होती. तिने सिनेमा आईच्या मोबाइलमध्ये टाकून दिला आणि म्हणाली, शेवट तू पाहून ठेव, काय बोलतात ते मी फोनवर सांगीन. पुण्यात गेलेल्या माणसाला फोनवर सांगायला वेळ मिळत नाही, हे बेबीताईला सांगावं लागत नव्हतं. तिने तो शेवट एकटीनेच सतरा वेळा पाहिला. सणाचा दिवस, देवळासमोर गाव जमलंय, जमीनदाराचा सत्कार. तो उठतो, टोपी काढतो, बराच वेळ बोलतो आणि बोलता बोलता रडतो. लोक टाळ्या वाजवतात. शेवटी ती विधवापण टाळ्या वाजवते, सावकाश.

इंग्रजी येत नसलं तरी चेहरे वाचता येतात. माणूस चारचौघांत रडतोय म्हणजे खरं बोलला असणार, असा बेबीताईने हिशेब लावला आणि जमीनदाराचा कबुलीजबाब दीड पान लिहून काढला. त्या दीड पानासाठी तिला तीन आठवडे लागले. सात ब्लाउज उशिरा गेली. नाटकाचं नाव तिने ठेवलं, 'सरकलेला धुरा'.

आता फुलसावंगीच्या नाट्य मंडळाविषयी सांगणं भाग आहे.

मंडळ दर नवरात्रात एक नाटक करायचं. मंडळाचे अध्यक्ष, दिग्दर्शक आणि प्रमुख नट सदाशिवराव. त्यांचं कृषी केंद्र होतं, बी-बियाणं आणि फवारणीची औषधं मिळायची. आवाज असा, की दुकानात 'नमस्कार' म्हणाले तर बसस्टँडवरचे लोक वळून पाहत. या आवाजावर त्यांनी तीस वर्षं राजे, ऋषी आणि दुःखी बाप केले होते, आणि या तीस वर्षांत एकही वाक्य पाठ केलं नव्हतं.

पाठ करायची गरजच नव्हती, कारण बेबीताई होती. डाव्या विंगेत चादरीला एक भोक पाडलेलं असे, त्याच्यामागे ती वही घेऊन उभी राहायची आणि हलक्या आवाजात एकेक वाक्य सोडायची. ती सोडायची, नट झेलायचे. बाकीचे नट निदान काय झेललं ते पाहायचे तरी. सदाशिवरावांचं तसं नव्हतं. त्यांच्या कानातून शिरलेलं वाक्य डोक्याला कुठेही न शिवता थेट तोंडातून बाहेर पडायचं, वर त्याला राजाचा दणदणीत आवाज लागायचा. एका वर्षी पौराणिक नाटकात भर दरबारात बेबीताई शेजारी उभ्या असलेल्या बाईला कुजबुजली, "चहात साखर कमी टाक." सिंहासनावरून सदाशिवराव गरजले, "चहात साखर कमी टाक." दोन प्रधान 'जशी आज्ञा' म्हणून बाहेर गेले. टाळ्या पडल्या. सदाशिवरावांना आजही वाटतं, त्या टाळ्या त्यांच्या अभिनयाला होत्या.

पोळ्यानंतर मंडळाची बैठक झाली तेव्हा करायला नाटक नव्हतं. बेबीताईने वही पुढे केली. सदाशिवरावांनी औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचतात तशी ती वाचली, म्हणजे पहिलं पान आणि शेवटचं.

"मेक्सिको," ते म्हणाले. "मेक्सिको मले चांगला ठाऊक हाये. गव्हाचं बियाणं तिकडचंच." मग त्यांनी विचारलं, "यात माहं काम बसून हाये की उभं?"

"जास्त करून बसूनच. खुर्चीवर."

"मंग चांगलं नाटक हाये. गुडघे लय दुखून राह्यले."

असा त्या जगप्रसिद्ध कलाकृतीचा रंगभूमीवर पुनर्प्रवेश ठरला.

विधवेचं काम जमनीकडे आलं. जमनी जवळच्या तांड्यावरची, बेबीताईची पंचवीस वर्षांची मैत्रीण. मेक्सिकोतल्या बाया काय नेसतात हे पाहायला तिने मोबाइलवर सिनेमा पाहिला. घेरदार घागरे, त्यावर टाके, काठाला चमचम. ती हसायलाच लागली.

"अवो बेबी, हे त माह्या सासूचं फेटिया हाये. ह्या आमच्यातल्याच बाया, कोनी नेल्या तिकडे?"

तिने सासूच्या पेटीतला आरसे लावलेला फेटिया घागरा काढला, झटकला आणि मेक्सिकोचा प्रश्न सुटला. तिचा नवरा देवीलाल मुनीम झाला. राहिली ती टोपी. ती बुरडाकडून आणलेलं टोपलं उलटं करून, वर काळं कापड चढवून बेबीताईनेच शिवली. ती घातली की सदाशिवरावांना वरचं काही दिसायचं नाही, पण त्यांना तशीही वर पाहायची सवय नव्हती.

महिनाभर तालमी झाल्या. बेबीताई दिवसा शिवायची, संध्याकाळी देवळाच्या सभागृहात भोकामागे उभी राहायची. शेवटच्या कबुलीजबाबाच्या वेळी सदाशिवराव रोज रडायचे. डोळ्यांखाली बाम लावून रडायचे, पण रडायचे. दारात उभ्या राहून पाहणाऱ्या बायाही रडायच्या, आणि त्यांनी बाम लावलेला नसायचा. बेबीताई ते चादरीच्या भोकातून पाहायची. आपण काज-बटन करता करता लिहिलेल्या वाक्यावर एखादी दगडी बाई पदर डोळ्याला लावते, हे पाहून तिला पुढचं वाक्य सोडायला उशीर व्हायचा. तीस वर्षं तिने दुसऱ्यांची वाक्यं सोडली होती. ही तिची होती. एवढंच तिला पाहिजे होतं, की हे कुठेतरी लिहिलेलं असावं.

नाटकाच्या दोन दिवस आधी बसस्टँडवर फ्लेक्स लागला. दिग्रसहून छापून आला होता. मध्ये टोपलं घातलेले सदाशिवराव, डोळ्यांवर गॉगल. मेक्सिकोत गॉगल का, हे विचारणारं कोणी नव्हतं. कडेने गोल गोल चौकटींत मंडळाचे अकरा पदाधिकारी, ज्यांतल्या नऊ जणांनी तालमीत पाय ठेवला नव्हता. खाली मोठ्या अक्षरांत: 'लेखक, दिग्दर्शक व प्रमुख भूमिका: मा. सदाशिवराव'. सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: 'पडद्यामागील सहकार्य: समस्त महिला मंडळ'.

बेबीताई बाजारातून येत होती. पिशवीत सव्वा मीटर अस्तर होतं. तिने फ्लेक्स वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला, न जाणो वाचताना आपलंच काही सुटलं असेल. मग तशीच कृषी केंद्रावर गेली.

"भाऊ, फ्लेक्स पाह्यला."

"झकास झाला ना?"

"लेखक म्हणून तुमचं नाव हाये."

सदाशिवरावांनी एका गिऱ्हाइकाला अळीचं औषध दिलं, मात्रा समजावली, मग तिच्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधी भाव नव्हता. तो असता तर बेबीताईला बरं वाटलं असतं.

"अवो बेबीताई, तुमी त घरच्या हा. घरच्या मानसाचं नाव टाकतात काय?"

"लग्नाच्या पत्रिकेत त चार महिन्याच्या पोराचंही टाकतात. 'आमच्या मामाच्या लग्नाले यायचं हं.'"

"तसं नाही जी. पाहा, मूळ नाटक मेक्सिकोवाल्याचं. तुमी फक्त मराठी केलं."

"मंग त्याचं टाका."

"त्याचं नाव बोलता येत नाही. बोलता येत नाही ते छापावं कसं?" ते हसले. "अन् एवढं काय, सगळ्या गावाले ठाऊक हाये कोनं लिहलं ते."

बेबीताई पिशवी घेऊन पायरी उतरली. सगळ्या गावाला ठाऊक आहे, हे वाक्य कुठे ऐकलं ते तिला रस्त्यात आठवलं. ते तिनेच लिहिलेलं होतं. दुसऱ्या अंकात, विधवा तक्रार करते तेव्हा जमीनदार तिला हेच म्हणतो.

नाटकाच्या दिवशी दुपारी ती जमनीच्या फेटियाची नाडी बदलत होती. अर्पिता सकाळीच पुण्याहून आली होती आणि झोपली होती. जमनी बांगड्या चढवत म्हणाली, "काहून गुपचूप बसून राह्यली वं? भांडली काय कोनाशी?"

"भांडली असती त बरं झालं असतं. तो मानूस भांडूही देत नाही."

"मंग जाऊ नको ना आज. भोकामांगं कोनीच नसलं त पाह्यजो कसा उभा राह्यते तो, तोंड उघडून."

बेबीताईने नाडी ओवली, गाठ मारली. हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं. पण मग जमनीचं काय, देवीलालचं काय, आणि त्या दीड पानाचं काय. आपलंच लेकरू दुसऱ्याच्या नावावर चढवलं म्हणून त्याला जेवायला देत नाही का कोणी?

"जाते," ती म्हणाली.

नाटक सातला सुरू होणार होतं, म्हणजे आठला झालं. पुढच्या ओळीत यवतमाळहून आलेले एक पाहुणे होते, जाकीट घातलेले, नाटकांवर वर्तमानपत्रात लिहिणारे. त्यांच्या बाजूला सोफ्यावर अकरा पदाधिकारी. मागे सतरंजीवर गाव. अर्पिता बाजूला उभी राहून मोबाइलवर शूटिंग करत होती.

पहिले दोन अंक चांगले झाले. देवीलाल एकदा चुकीच्या बाजूने आला, पण जमनीने त्याला बायको दरडावते तसं दरडावून परत पाठवलं आणि लोकांना ते नाटकातलंच वाटलं. दगड सरकवण्याच्या प्रसंगाला सतरंजीवरून दोन-तीन जण उगाच खोकले. त्यांची शेतं कुठे आहेत ते गावाला माहीत होतं.

मग शेवटचा प्रवेश. देवळासमोर सत्कार. सदाशिवराव खुर्चीतून उठले, टोपलं काढून देवीलालच्या हातात दिलं. डोळ्यांखाली बाम चमकत होता. चादरीच्या भोकामागे बेबीताईने पान उलटलं.

"गावकऱ्यायनो," ती म्हणाली.

"गावकऱ्यायनो," सदाशिवरावांचा आवाज देवळाच्या कळसापर्यंत गेला.

"बारा वर्षं तुमी मले मान देऊन राह्यले."

"बारा वर्षं तुमी मले मान देऊन राह्यले."

"आज खरं सांगतो."

"आज खरं सांगतो."

पुढचं वाक्य वहीत होतं. 'हा धुरा म्या सरकवला.' बेबीताईने ते पाहिलं. मग तिने वही मिटली. पुढे ती सांगायची, की तेव्हा मी काही ठरवलं नव्हतं, वही आपोआप मिटली. जमनी म्हणायची, वही कधी आपोआप मिटत नसते.

"हे नाटक म्या लिहलं नाही," बेबीताई म्हणाली.

"हे नाटक म्या लिहलं नाही," सदाशिवरावांनी हात पसरून सांगितलं.

"हे बेबीताईनं लिहलं. ब्लाउज शिवता शिवता."

"हे बेबीताईनं लिहलं. ब्लाउज शिवता शिवता." आवाज भरून आला. बामाने काम केलं होतं, गालावरून पाणी ओघळलं.

बेबीताई वाट पाहत होती, की आता तो थांबेल, आता वळून पाहील. तो पुढचं वाक्य झेलायला कान टवकारून उभा होता.

"म्या फक्त पहिलं पान वाचलं अन् शेवटचं."

"म्या फक्त पहिलं पान वाचलं. अन् शेवटचं."

"तेही चष्म्याबिगर."

"तेही," सदाशिवरावांनी इथे श्वास घेतला. अशा जागा त्यांना कळायच्या. "चष्म्याबिगर."

जमनीने फेटियाच्या घेरात तोंड लपवलं. लोकांना वाटलं, विधवा रडते आहे. आता पुढे काय सोडावं ते बेबीताईला सुचेना. तिच्या तोंडून स्वतःशीच निघालं, "आता बस."

"आता बस," सदाशिवराव गरजले. टोपलं धरून उभा असलेला देवीलाल घाबरून सत्काराच्या खुर्चीत बसला.

पडदा पडला. मग सोफ्यावरचे जाकीटवाले पाहुणे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. पाहुणे वाजवतात म्हटल्यावर अकरा पदाधिकारी उठले. पदाधिकारी उठले म्हटल्यावर गाव उठलं.

पाहुण्यांनी माइक हातात घेतला. म्हणाले, चाळीस वर्षं नाटकं पाहतो आहे, पण असा लेखक पाहिला नाही. मुनीम मालकाच्या खुर्चीत बसतो, एवढं एकच चित्र पुरेसं होतं. पण लेखक तिथे थांबत नाही. नाटक कबुलीच्या शिखरावर असताना तो स्वतःचं लेखकपणच नाकारतो आणि ते बहाल करतो कोणाला, तर गावातल्या एका सामान्य शिवणकाम करणाऱ्या स्त्रीला, एका प्रतीकाला. पात्र आणि नट यांच्यामधला धुराच सदाशिवरावांनी आज पुसून टाकला. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस या मातीतच जन्मू शकतो.

प्रतीक चादरीच्या भोकामागे उभं राहून ऐकत होतं. त्याच्या गुडघ्याला डास चावत होते.

सदाशिवरावांना आपण काय बोललो ते या भाषणातूनच कळलं. त्यांचा चेहरा आधी पडला, मग विचारात पडला, मग पाहुण्यांनी खांद्यावर शाल घातल्यावर उजळला. नारळ हातात घेऊन ते नम्रपणे म्हणाले, "मेक्सिकोत असंच करतात."

लोक पांगल्यावर जमनी विंगेत आली. बेबीताई पेटीवर बसली होती, मांडीवर वही.

"सगळ्या गावासमोर नाव घेतलं ना वं त्यानं तुहं?"

"घेतलं."

"मंग तोंड काहून असं?"

"शाल त्याच्याच खांद्यावर गेली."

जमनी तिच्या शेजारी टेकली. "माह्या कानानं त खरं ते आयकलं बाई," ती म्हणाली. "अन् तांड्यावरच्या सगळ्या बायकायनं. आमाले प्रतीक-बितीक समजत नाही."

अर्पिता मोबाइल घेऊन आली. हसून हसून तिचे डोळे ओले झाले होते, पण आईचा चेहरा पाहून ती थांबली. मग म्हणाली, "आई, तुला एक सांगायचं राहिलंच. तो शेवट. मी पुण्याला गेल्यावर पाहिला होता, फोन करायचा राहून गेला."

"काय बोलते तो?"

"कबूलच करत नाही. खोटं बोलतो. म्हणतो, भावाच्या बायकोसाठी मी रक्ताचं पाणी केलं, तिचं शेत सांभाळलं. आणि रडतो. लोक टाळ्या वाजवतात."

"अन् ती विधवा?"

"तीपण वाजवते. मग काय करणार?"

बेबीताईने वहीकडे पाहिलं. तीन आठवडे, सात ब्लाउज, दीड पान. रडणारा माणूस खरं बोलतो, असा आपला हिशेब. मग ती हसायला लागली, आधी नाकातून, मग पोट धरून. इतकी की देवीलाल टोपलं हातात घेऊन पाहायला आला.

"म्हणजे मीच चुकली," ती डोळे पुसत म्हणाली. "मी कबूल करून घेतलं त्याच्याकडून, तरी टाळ्या त्यालेच. मेक्सिकोवाल्यानं आपला शेवट करूनच घेतला. लेकाचा नाटक लिहणारा खरा होता बावा."

"मग आता?"

"आता काय. मी त्या बाईसारख्या टाळ्या नाही वाजवल्या. माह्या हातात वही होती."

आठ दिवसांनी सदाशिवराव बेबीताईच्या दारात उभे राहिले. हातात वर्तमानपत्राचं कात्रण. त्यात पाहुण्यांचा लेख, वर शाल घातलेला फोटो. दिग्रसच्या एका मंडळाने प्रयोग बोलावला होता, पुढच्या रविवारी.

"चांगलं झालं," बेबीताई म्हणाली. मशीन थांबवली नाही. "पाठ करून घ्या."

"काय?"

"नाटक. तुमचंच हाये ते. आपलं लिहलेलं मानसाच्या ध्यानात राह्यते."

सदाशिवराव गेले. तीन दिवस त्यांनी पाठ केलं. त्यांच्या घरच्यांनी सांगितलं, की ते दुकानात गिऱ्हाइकाला 'गावकऱ्यायनो' म्हणायचे आणि पुढचं आठवेना म्हणून औषध द्यायचे. चौथ्या दिवशी ते परत आले. या वेळी कात्रण नव्हतं. ओट्यावर बसले, पाणी मागितलं, पाणी प्याले.

"तीस वर्षात एक वाक्य माहं स्वतःचं नव्हतं, ताई," ते म्हणाले. एरवी पार बसस्टँडपर्यंत जाणारा आवाज ओट्याच्या खालीही उतरला नाही. "एवढे दिवस समजलंच नाही मले. वाटे, मीच बोलून राह्यलो."

बेबीताईने मशीन थांबवली. हे वाक्य तिने सोडलेलं नव्हतं. तिला त्या माणसाची थोडी दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला.

"दिग्रसले येते मी," ती म्हणाली. "पन फ्लेक्स पाहून येईन."

"टाकतो ना, तुमचंच टाकतो." ते एकदम हलके झाले. तिथल्या तिथे मोबाइल काढला, दिग्रसच्या फ्लेक्सवाल्याला लावला, स्पीकर चालू केला. "हां, तो मजकूर बदलवायचा हाये. लेखिका बेबीताई, असं टाक."

"पूर्ण नाव काय जी ताईचं?" पलीकडून आवाज आला.

सदाशिवरावांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. त्यांनी बेबीताईकडे पाहिलं. तीस वर्षं.

"बेबीताई म्हणजे," ते म्हणाले, "बेबीताईच."

आणि खरं सांगायचं तर बेबीताईलाही क्षणभर थांबावं लागलं. बेबी हे बारशापर्यंत धकवायला ठेवलेलं नाव, ते पन्नास वर्षं धकलं होतं. लग्नात सासरच्यांनी तांदळात अंगठीने 'उज्ज्वला' लिहिलं, पण त्या नावाने तिला एक दिवसही कोणी हाक मारली नाही. आणि शाळेच्या दाखल्यावर तिला आजीचं नाव दिलेलं होतं, ते आठवीनंतर कोणी उच्चारलं नव्हतं. तिने तिन्ही नावं मनात फिरवून पाहिली, ब्लाउजचं कापड उजेडात धरून पाहतात तशी. मग खुर्ची मशीनपासून मागे सरकवली आणि हलक्या आवाजात, एकेक शब्द सोडत म्हणाली,

"लेखिका."

सदाशिवरावांनी फोन तोंडाजवळ नेला. "लेखिका."

"धुरपता."

"धुरपता."

"ताई नका लावू."

"ताई नका लावू," सदाशिवराव दणदणीत आवाजात म्हणाले.

"बरं जी," दिग्रसचा फ्लेक्सवाला म्हणाला. "नाही लावत."